‘किती’ सांगणारा ट्रान्झिस्टर

तंबोरा लावताना वादक आधी खुंट्या पिळून तारा सुराच्या जवळपास आणतो. मग घोडीच्या खालच्या अंगाला ओवलेला मणी केसभर सरकवून प्रत्येक तार नेमक्या जागी बसवतो. खुंटी तारेला सुराच्या दारापर्यंत नेते, मणी तिला आत घेतो. विजेच्या मंडलांच्या इतिहासात खुंट्या फार लवकर सापडल्या. मणी सापडायला १९६७ साल उजाडावे लागले, आणि तो मणी आहे हे नीट ओळखायला आणखी वीसएक वर्षे गेली.

विजेकडून गणित करून घेण्याच्या दोन रीती आहेत. एकीत सारा व्यवहार ‘आहे’ आणि ‘नाही’ यांत, म्हणजे १ आणि ० यांत चालतो. आपला संगणक या अंकी रीतीचा. दुसरीत राशी जशीच्या तशी घेतात. आवाज जेवढा मोठा, तेवढा विजेचा दाब अधिक. ही ॲनालॉग रीत. १९५० च्या सुमारास दोन्ही रीतींची यंत्रे शेजारीशेजारी नांदत होती आणि विमानांच्या उड्डाणाची गणिते ॲनालॉग यंत्रांवर सुटत होती. पण अशा यंत्राला नवे गणित सांगणे म्हणजे एक दिव्यच! तारांची जुडगी एका भोकातून उपसून दुसऱ्यात खोवायची आणि प्रत्येक गुणकासाठी एकेक घुंडी हाताने फिरवायची. पुढे हजारो ट्रान्झिस्टर नखाएवढ्या सिलिकॉनवर आले, तेव्हा तर पंचाईत वाढली. एका साच्यातून निघालेले दोन ट्रान्झिस्टरही तंतोतंत सारखे नसतात, आणि नखावरच्या हजार घुंड्या फिरवायला बोट कुणाचे पुरणार? ‘आहे–नाही’च्या व्यवहाराला हा बारीक फरक बाधत नाही. म्हणून अंकी रीत जिंकली आणि ॲनालॉग रीत मागे पडली.

याच काळात, १९६७ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दाउन कांग आणि सायमन झे हे दोघे एका वेगळ्याच प्रश्नाशी झुंजत होते. कांग जन्माने कोरियाचे, झे चीनचे. वीज गेली तरी आठवण पुसू नये, असा ट्रान्झिस्टर त्यांना हवा होता. जेवणानंतर पुढ्यात आलेल्या केकचे थर पाहून कल्पना सुचली, अशी आख्यायिका झे यांच्या नावावर सांगितली जाते. ट्रान्झिस्टरमधील प्रवाह कमीजास्त करणाऱ्या भागाला ‘गेट’ म्हणतात. या दोघांनी थरांमध्ये एक दुसरे गेट असे पुरले की त्याला कुठूनही तार जोडलेली नाही. चोहोबाजूंनी विद्युतरोधक थरांचे वेष्टन. हेच ‘फ्लोटिंग गेट’, तरंगते गेट. त्यावर बसलेल्या इलेक्ट्रॉनांना बाहेर पडायला वाट नाही, आणि ते तिथे आहेत तोवर खालच्या प्रवाहावर त्यांचा अंमल चालतो.

मग ते आत शिरतात कसे? भिंत पातळ असली आणि विजेचे ओढकाम जबर असले, तर इलेक्ट्रॉन भिंत न फोडताही पलीकडे उतरतो, हे पुंजभौतिकीचे नवल फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ सालीच मांडले होते. दुसरा मार्ग दांडगाईचा: इलेक्ट्रॉनाला इतका वेग द्यायचा की तो भिंतीवरून उडी मारील. एका वाटेने भार घालता येतो, दुसरीने काढता येतो.

पहिल्या नमुन्याची आठवण तासांच्याच हिशेबात टिकली. पण १९७१ साली इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी याच तत्त्वावर २,०४८ बिटांची स्मृती सिद्ध केली. तिच्या पाठीवर स्फटिकाची लहानशी खिडकी होती. तीतून अतिनील किरण सोडले की पाटी कोरी! १९८४ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ‘फ्लॅश’ स्मृती जगापुढे मांडली. या सगळ्यांनी त्या बंद कोठीला एकच प्रश्न विचारला: भार आहे की नाही? कोठी मात्र पहिल्या दिवसापासून ‘किती आहे’ हेही सांगत होती. अंकी कारागिराच्या लेखी ती नुसती कटकट होती.

त्या कटकटीत गुण पाहणाऱ्यांपैकी कार्व्हर मीड हे एक. नवल असे की, अंकी चिपांच्या रचनेचे गाजलेले पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या दोघांपैकी हेच एक! कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत ते डोळ्याच्या आणि कानाच्या धर्तीवर मंडले रचू लागले. १९८९ साली इंटेलने १०,२४० कृत्रिम मज्जासंधींची एक ॲनालॉग चिप दाखवली. प्रत्येक संधीचे वजन तरंगत्या गेटावरच्या भारात साठवलेले. ती बाजारात फारशी रुजली नाही. पण १९९१ च्या सुमारास आयएसडी या कंपनीची बोलकी चिप आली आणि तिने गाजावाजा न करता घर केले. सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने, असे १६ सेकंद, म्हणजे १,२८,००० कोठ्या. प्रत्येक नमुना त्याच्या मापाएवढ्या भाराने एकेका कोठीत बंद! आठ बिटांच्या अंकी रीतीने याच कामाला आठपट कोठ्या लागल्या असत्या.

तोच धागा कॅलटेकच्या पॉल हॅसलर, ख्रिस डिओरिओ आणि ब्रॅडली मिंच यांनी मीड यांच्यासह पुढे नेला. एकच ट्रान्झिस्टर साठवील, गुणील आणि शिकेलही, हे त्यांनी १९९० च्या दशकात दाखवले. हॅसलर पुढे अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये गेले. तिथे जी ‘प्रोग्रॅम’ करण्याजोगी ॲनालॉग चिप घडली, तिच्यात तारांच्या प्रत्येक चौकात तरंगते गेट बसले. पूर्ण बंद ठेवले तर तार तुटली, पूर्ण उघडले तर जोडली, आणि मधेच थांबवले तर तोच चौक गुणाकार करू लागला! २०१० सालच्या अशा एका चिपेत पन्नास हजारांहून अधिक जागा जुळवता येत होत्या. पूर्वीच्या तारांची जुडगी आणि घुंड्यांची रांग अशी नखावर मावली. ट्रान्झिस्टरांमधली जन्मजात तफावतही थोडा भार घालून वा काढून मिटवता आली.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उत्तर आहे काटकसर. आवाज ऐकून त्यातला शब्द ओळखायचा, तर अंकी यंत्र आधी त्याचे आकडे करते, मग ते आकडे स्मृतीतून गणकाकडे आणि गणकाकडून स्मृतीकडे सारखे वाहत राहते. या हमालीतच पुष्कळ वीज खर्ची पडते. जिथे साठवण तिथेच गुणाकार झाला, तर हमाली वाचते. कानात बसणाऱ्या यंत्राची घोटभर विजेवर गुजराण असते. त्याला ही बचत म्हणजे आयुष्य वाढणे होय.

अर्थात जमाखर्चाचे काम या रीतीकडे देऊ नये. ऊन वाढले की प्रवाह बदलतो, भारही कालांतराने किंचित झिरपतो. आणि पै-पैचा हिशेब जुळायचा तर ‘आहे–नाही’ हीच भाषा खरी.

पण अंकी गोटाचे तरी काय झाले? १९९७ साली इंटेलने एका कोठीत चार पातळ्या ओळखून दोन बिटे साठवणारी स्मृती विकायला काढली, आणि आता सोळा पातळ्यांच्या स्मृती घरोघरी पोचल्या आहेत. खिशातल्या तेवढ्याच जागेत अधिक छायाचित्रे मावावीत, म्हणून अंकी कारागीरही अखेर त्या कोठीला ‘किती?’ असे विचारू लागला. ज्याला तो कटकट म्हणत होता, त्यावरच आता दिवाळीच्या फराळाची आणि नातवंडांच्या किल्ल्यांची आपली छायाचित्रे सांभाळली जात आहेत.