हलालखोर, गोदरी आणि शेजाऱ्याचा हक्क

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात एका कराचे नाव होते 'हलालखोर कर'. घराघरांतला मैला उचलून नेण्यासाठी पालिका ही पट्टी घेत असे. पुढे भुयारी गटारे आली, मलनिःसारण कर आला आणि ते नाव मागे पडले. शब्द मात्र त्याहून फार जुना. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त नोंदवून ठेवले आहे, की झाडूवाल्यांना हलालखोर म्हणण्याची रीत बादशहाने रूढ केली. हलालखोर म्हणजे हलालची, कष्टाची भाकर खाणारा. हेतू सन्मानाचा होता. पण नाव बदलले आणि टोपली त्याच माणसाच्या डोक्यावर राहिली, तेव्हा तो शब्दच जातीचे नाव होऊन बसला. हलालखोर, लालबेगी, मेहतर या बिरादऱ्या मुस्लीम समाजातही आहेत. 'इस्लाममध्ये जात नाही' हे वाक्य आपण व्यासपीठावरून म्हणतो आणि नमाजच्या सफीत ते खरेही असते. लग्नाची बोलणी सुरू झाली की काय होते, ते या वाचकांना मी सांगायला नको.

खेड्यातल्या शौचालयावर लिहिताना सुरुवात मुंबईच्या करापासून का, असे कुणी विचारेल. शहरात संडास टिकला, कारण तो साफ करायला एक जात जुंपलेली होती. खेड्यात तशी सोय बहुधा नव्हती, म्हणून संडासही नव्हता. गावाबाहेरची जागा होती. तिला कुठे हागणदारी म्हणतात, आमच्या विदर्भात गोदरी. आपली घाण आपण हाताळायची नाही, हा नियम दोन्हीकडे एकच. शहराने त्यासाठी माणूस ठेवला, गावाने शिवार वापरले. माझ्या मते आपल्याकडच्या शौचालयाचा सगळा इतिहास या एका नियमाभोवती फिरतो. पैसा, पाणी, जागा हे अडथळे खरेच आहेत, पण ते नंतरचे.

हा नियम मोडायचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. १९३२ साली त्यांनी तिथे भंगीकाम करू देण्याची मागणी केली. तुरुंगाच्या नियमात ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचे, त्यामुळे परवानगी मिळेना. अप्पांनी अन्न सोडले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला. मैला उचलण्याचा हक्क मागण्यासाठी उपोषण, ही गोष्ट आज वाचतानाही विचित्र वाटते. सुटल्यानंतर अप्पा केवळ झाडू घेऊन फिरत राहिले नाहीत. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत होईल असा, हाताने उपसावा न लागणारा साधा संडास तयार केला. तो 'गोपुरी संडास' म्हणून ओळखला जातो. माणसाला कामातून सोडवायचे तर आधी कामाची रचना बदलली पाहिजे, हे त्यांना नेमके कळले होते.

इकडे वर्ध्याजवळ विनोबा १९४६ पासून खांद्यावर फावडे टाकून पवनारहून सुरगावला चालत जात आणि गावाचा मैला उचलत. जवळपास दोन वर्षे हे चालले. गाडगेबाबांचा खराटा सर्वांना ठाऊक आहे. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहेत आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत हा ग्रंथ आजही वाचला जातो. एवढे संत-महात्मे एका छोट्या टापूत, तरी गोदरी हलली नाही. लोकांनी त्यांच्या पाया पडून घेतले आणि सकाळी टमरेल घेऊन निघाले.

सरकारी योजनांचे थोडक्यात सांगतो. केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम १९८६ चा, संपूर्ण स्वच्छता अभियान १९९९ चे. अनुदानातून उभ्या राहिलेल्या कितीतरी संडासांत लोकांनी सरपण, कडबा आणि कोंबड्या ठेवल्या. खरे वळण आले २००० साली. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. पैसे आधी वाटायचे नाहीत. गावांची स्पर्धा लावायची आणि जिंकेल त्याला बक्षीस द्यायचे. गावे रात्रीतून झाडून निघाली. पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला तेव्हा देशात सर्वाधिक ग्रामपंचायती महाराष्ट्राच्या निघाल्या, नऊ हजारांहून अधिक. हेच आबा पुढे गडचिरोलीचे पालकमंत्री झाले.

या मोहिमेची एक बाजू मला कधीच पटली नाही. ती म्हणजे गुड मॉर्निंग पथके. पहाटे शिट्ट्या वाजवत लोकांना उठवायचे, फूल द्यायचे, फोटो काढायचे. सापडत कोण? ज्याच्याकडे दोन हात मोकळी जागा नाही तो भूमिहीन, अतिक्रमणातल्या झोपडीतली बाई, वीटभट्टीवरचा मजूर. ज्या बाईला दिवसभर लाजेपोटी पोट आवळून अंधाराची वाट बघावी लागते, तिचीच अंधारातली जागाही हिरावून घेतली. लाज हे तिच्यावरचे जुनेच ओझे होते, सरकारने त्याला शिट्टी जोडली.

जनगणनेचे आकडे पाहा. घरात शौचालय असलेली ग्रामीण कुटुंबे २००१ मध्ये महाराष्ट्रात १८.२ टक्के, २०११ मध्ये ३८ टक्के. दहा वर्षांत दुपटीहून जास्त, आणि तरीही निम्म्याहून अधिक घरे बाहेरच. २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानात १२,००० रुपये अनुदान मिळू लागले, एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत. त्यानंतर आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने मात्र देशातल्या ग्रामीण भागात २६ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नसल्याचे दाखवले.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. भारतात मुस्लीम कुटुंबे सरासरीने गरीब आणि कमी शिकलेली, तरी त्यांच्यात बालमृत्यूचे प्रमाण हिंदू कुटुंबांपेक्षा कमी, सुमारे १८ टक्क्यांनी. २००६ च्या सच्चर अहवालातही कमी बालमृत्यूची नोंद आहे. अभ्यासक याला बरीच वर्षे कोडे म्हणत. मायकेल गेरुसो आणि डीन स्पिअर्स या अर्थतज्ज्ञांनी ते सोडवले. फरक संडासाचा होता. उघड्यावर बसण्याचे प्रमाण हिंदूंमध्ये मुस्लिमांपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक होते आणि तेवढ्या एका फरकात सगळे कोडे सुटत होते. इस्तिंजा, तहारत, वुजू यांचे संस्कार, घरात पाण्याचा लोटा, बायकांचा पडदा, अशी कारणे सांगता येतील.

हे वाचून काहींची छाती फुगेल. त्यांनी अभ्यासाचा पुढचा भाग वाचावा. मूल वाचते की दगावते हे स्वतःच्या घरात संडास आहे की नाही यापेक्षा शेजारी कुठे बसतात यावर अधिक अवलंबून असते. माशी, पायाला लागलेली माती, हातपंपाभोवतीचे डबके यांना धर्म कळत नाही. मुस्लीम मूल वाचले ते मुख्यतः त्याच्या मोहल्ल्यात शेजारीही संडास वापरत होते म्हणून. तोच मुस्लीम गोदरीला लागून राहिला की त्याचा फायदा विरघळतो आणि मुस्लीम शेजारात राहणाऱ्या हिंदूच्या मुलालाही तोच फायदा मिळतो. वाटेवर, सावलीत आणि पाणवठ्यावर घाण करू नका, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. तिन्ही जागा दुसऱ्यांच्या वापराच्या आहेत, हे आपले मौलवी फारसे समजावून सांगत नाहीत.

चंद्रपूरला या सगळ्यात आणखी एक धोका जोडलेला आहे. ताडोब्याच्या रस्त्यावर ऊर्जानगर आहे. महाऔष्णिक केंद्राची वसाहत, आखीव क्वार्टर, प्रत्येकात नळ आणि फ्लश. जनगणना त्याला नगर म्हणते, कारभार ग्रामपंचायतीचा. पण कुंपणापलीकडे झुडपी जंगल आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत लागोपाठ दोन दिवसांत इथे वाघाने एका कामगाराला आणि शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला मारले. झुडपात उकिडवा बसलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतो. या जिल्ह्यांत पहाटे परसाकडे जाण्याची भीती जुलाबाच्या आधी वाघाची असते. वीज केंद्राच्या चिमण्यांखाली फ्लश आणि दोन-चार कोसांवरच्या जंगलगावात टमरेल, हे अंतर कमी झाले आहे, मिटलेले नाही.

आणि आता खड्डे भरू लागले आहेत. सरकारी नकाशात दोन खड्ड्यांचा संडास आहे. एक भरला की मधल्या चेंबरमध्ये विटेने तोंड बंद करायचे, दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे, वास नसलेले खत होते. ते घरच्यानेच फावड्याने काढून शेतात टाकायचे. अप्पा पटवर्धनांचीच कल्पना, नव्या रूपात. पण ऐपत असलेला माणूस दुसरा खड्डा नको म्हणतो. खोली मोठी खणतो, सेप्टिक टँक बांधतो, 'वीस वर्षे बघायचे काम नाही' असे कौतुकाने सांगतो. डायन कॉफी आणि स्पिअर्स यांना उत्तर भारतातल्या खेड्यांत हेच दिसले. छोटा खड्डा लोकांना नको, कारण तो आपल्या हयातीत आपल्यालाच उपसावा लागेल. काही घरे तर खड्डा भरू नये म्हणून संडास फक्त म्हाताऱ्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी राखून ठेवतात.

विसाव्या वर्षी टाकी भरेल तेव्हा मशीनची गाडी येईल. जिथे गल्ली अरुंद असेल तिथे माणूस उतरेल. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उपसण्यावर बंदी आहे. तो माणूस कोणत्या बिरादरीतला असेल, हे टाकी बांधणाऱ्याला आजच ठाऊक असते, आणि त्यात आपल्या मोहल्ल्यातले टाकी बांधणारेही आले.