'प्रज्ञा' या नावाचे उच्चार

यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत आमचा विषय वाचून एका स्नेह्यांनी विचारले, "एका मुलीच्या नावावर तुम्ही तासभर काय बोलणार?" तास पुरेल की उरेल हे पुढे दिसेलच; पण नाव साधे नाही.

काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एका शाळेत पारितोषिक वितरणास आम्ही गेलो होतो. निबंधात पहिल्या आलेल्या मुलीचे नाव पुकारण्यात आले, 'प्रग्ना'. कोणी उठेना. दुसऱ्यांदा पुकारा झाला, तेव्हा मागच्या बाकावरील मैत्रिणीने एका मुलीस कोपराने ढोसले आणि ती लगबगीने व्यासपीठावर आली. पाहुणे उत्तरेकडील होते. त्यांनी पुस्तके हाती देताना तिला 'प्रग्या बेटी' म्हणून आशीर्वाद दिला. वर्गशिक्षिकेने मात्र 'शाबास, प्रद्न्या' म्हटले. चहाच्या वेळी वाद जुंपला. एक गृहस्थ म्हणाले, शुद्ध उच्चार तो आपला मराठीच. संस्कृत जाणणारे दुसरे म्हणाले, तिन्ही अशुद्ध. मुलगी पुस्तके छातीशी धरून हे सारे ऐकत उभी होती. तिच्या आईने आम्हांस बाजूला घेऊन हळूच विचारले, "मग आम्ही नावच चुकीचं ठेवलं का हो?"

उभ्या उभ्या त्या माउलीला उत्तर देणे आम्हांस साधले नाही. म्हणून आजचा हा प्रपंच.

आपली उपनगरे अशा वादांना मोठी सोयीची आहेत. बृहन्मुंबईची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली; पण निरनिराळ्या बोलींची माणसे येथे त्याच्या फार आधीपासून येऊन राहिली होती. घाटकोपर-मुलुंडला मराठी आणि गुजराती-कच्छी कुटुंबे एकाच जिन्याने चढतात. अंधेरी-जोगेश्वरीला हिंदी बोलणारा शेजार. शिवाय उडुप्याच्या हॉटेलात कानडी कानी पडते आणि सार्वजनिक दुर्गापूजेत बंगाली. 'ज्ञ' हे एकच अक्षर या सर्वांपुढे ठेवा. मराठी माणूस 'द्न्य' म्हणेल, गुजराती 'ग्न', हिंदी 'ग्य', कानडी 'ग्न्य'. आणि बंगाली बाई त्या मुलीला 'प्रोग्गा' म्हणून हाक मारील. इंग्रजीत शिकलेला मनुष्य संस्कृत पंडितांच्या लेखनपद्धतीवरून 'प्रज्ना' वाचतो, तो आणखी निराळाच.

मूळ काय? 'ज्ञ' म्हणजे ज् आणि ञ् यांचा संयोग. दोन्ही तालव्य. जिभेचा मधला भाग टाळूस टेकवून ज् म्हणावयाचा आणि जीभ न हलविता लागलीच नाकातून ञ् सोडावयाचा. घरी गेल्यावर करून पाहा. दहांतून नऊ वेळा जीभ घसरेल, कारण ज् सुटताना जो वारा घासत बाहेर पडतो, तो पुढच्या नासिक्याला जागा देत नाही. म्हणून महाराष्ट्राची जीभ पुढे दातांकडे सरकली. तेथे द् लागला आणि ञ् चा न्य झाला. गुजरातची आणि उत्तरेची जीभ मागे गेली. तेथे ग् लागला. बंगालने तर नाकातला सूरच टाकून दिला. तेव्हा ते संस्कृतज्ञ गृहस्थ एका अर्थी बरोबर होते. पण तिन्ही उच्चार अशुद्ध म्हणताना चौथा, शुद्ध, त्यांनी स्वतः काढून दाखविला नाही, हेही नमूद केले पाहिजे. गंमत अशी की संगणकात 'ज्ञ' ला स्वतंत्र जागा नाही. ज, हलन्त आणि ञ असे तीन तुकडे मिळून ते अक्षर साठविले जाते. तोंडे विसरली ते यंत्राने जपले.

गुजराती स्नेही कधी कधी असे सांगतात की ग्रीक 'ग्नोसिस' आणि आमचा 'ग्नान' एकच, म्हणून आमचा ग् सर्वांत जुना. धातू एकच, हे खरे. इंग्रजी 'नो' या क्रियापदाच्या आरंभी न उच्चारला जाणारा 'के' बसला आहे, तोही त्याच कुळातला. परंतु संस्कृतात त्या जुन्या ग् चा ज् होऊन गेलेला होता. गुजरातीतला ग् हा वारशाने राहिलेला नव्हे, नंतर नव्याने आलेला आहे.

आता इतिहासाकडे वळू. हा घोळ आजचा नाही. अशोकाच्या शिलालेखांत 'राजाचा' हे षष्ठीचे रूप पदोपदी येते. संस्कृतात ते 'राज्ञः', म्हणजे त्यात आपला 'ज्ञ' आहेच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एकाच सम्राटाचा तोच मजकूर गिरनारला कोरताना 'राञो' कोरला गेला आणि ओरिसात धौलीला 'लाजिने'. चक्रवर्ती राजाने आपल्या पदवीचे दोन उच्चार दोन प्रांतांत दगडावर चालू दिले. त्याच लेखमालेतील आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्या उंबरठ्यावर, सोपाऱ्यास, पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली मिळाला.

याहून जवळचा पुरावा बोरिवलीच्या डोंगरात आहे. कान्हेरीच्या लेण्यांत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळचे लेख आहेत. त्यांत त्याचे नाव 'सिरि यञ सातकणि' असे कोरलेले आहे. 'यज्ञ' चा 'यञ', 'राज्ञः' चा 'रञो'. द् ही नाही, ग् ही नाही. ज् गळून नुसता ञ् उरला. (ब्राह्मीत जोडअक्षर बहुधा एकेरीच लिहीत, म्हणून बोलताना तो 'यञ्ञ' असावा.) आणि या राजाच्या चांदीच्या नाण्यांची कथा तर फारच सुरस आहे. त्यांच्या एका बाजूस 'सिरि यञ सातकणि' आणि दुसऱ्या बाजूस दक्षिणेकडील उच्चाराप्रमाणे 'हिरु यञ हातकणि' अशी अक्षरे आहेत. असले एक नाणे भगवानलालांना सोपाऱ्याच्या स्तूपातच सापडले. ज्याच्या नावाचे दोन उच्चार एकाच नाण्यावर सुखाने नांदत होते, तो मनुष्य काही दुबळा नव्हता.

आणि ज्या डोंगरात हे लेख आहेत त्याचे नाव तरी एका उच्चारावर कोठे थांबले? सातवाहनकाळच्या लेखांत तो 'कण्हसेल', राष्ट्रकूटांच्या अमलातील शिलाहारांच्या लेखांत संस्कृत 'कृष्णगिरी', आणि रविवारी डबे घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या तोंडी 'कान्हेरी'.

पालीत 'प्रज्ञा' चे 'पञ्ञा' झाले, महाराष्ट्री प्राकृतात 'पण्णा'. वररुचीने 'प्राकृतप्रकाशा'त 'ज्ञ' चा 'ण' होतो असे सूत्रच घातले आहे. या मातीतल्या जिभेने सहस्र वर्षे तेच केले. 'राज्ञी' ची राणी झाली, 'यज्ञोपवीता' चे जानवे झाले, 'आज्ञे' ची आण झाली, 'विज्ञप्ती' ची विनंती झाली. यांपैकी एकाही शब्दात 'द्न्य' नाही! आपला 'द्न्य' हा संस्कृतातून पुन्हा उचललेल्या पोथीतल्या शब्दांपुरता आहे. घरात, शेतात झिजलेल्या शब्दांत तो शिरलेला नाही. तेव्हा 'आपलाच शुद्ध' म्हणणाऱ्या गृहस्थांनी आधी राणीला आणि जानव्याला जाब विचारावा. त्या घाटकोपरच्या मुलीची आजी आहे. तिला जोडाक्षर जमत नाही. ती नातीला 'पन्ना' म्हणते. घरचे हसतात. आम्हांला मात्र ते ऐकून वररुची आठवला.

मुंबईत हे दोन उच्चार एका छपराखाली प्रथम ठळकपणे आले ते १८४८ साली. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी ज्ञानप्रसारासाठी सभा काढली; दादाभाई नवरोजी तिच्या अग्रणींपैकी. तिच्या दोन शाखा झाल्या: मराठी 'ज्ञानप्रसारक सभा', दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखाली, आणि गुजराती 'ज्ञानप्रसारक मंडळी'. कागदावर शब्द एक, पण एका खोलीत तो 'द्न्यान' आणि दुसरीत 'ग्नान'. इंग्रजीत लिहिताना मराठी मंडळी 'डी' ने आरंभ करीत, पारशी मंडळी 'जी' ने. मराठीतील 'डी' ची ही चाल अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्राने (१८४२) आधीच पाडली होती. उच्चारावरून या शाखांचे भांडण झाले असते तर आज आम्ही ते चवीने सांगितले असते. पण त्यांना दुसरे काम होते. १८४९ साली या तरुणांनी मुलींच्या शाळा उघडल्या, मराठी मुलींसाठी आणि पारशी मुलींसाठी. फीवाचून, बहुतेक स्वतःच शिकवून.

मुलींचा विषय निघाला आहे तर मनूकडे जाऊन येणे भाग आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे कशी ठेवावी याचे नियम आहेत. स्त्रीचे नाव उच्चारावयास सोपे, कठोर नसलेले, अर्थ स्पष्ट असलेले, मनोहर आणि दीर्घ स्वरान्त असावे. याच प्रकरणात, दोनच श्लोक आधी, ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक, आणि शूद्राचे? जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे. खेड्यापाड्यांतील दगडी, धोंडी, कचरी ही नावे पुष्कळांनी ऐकली असतील. मूल जगावे म्हणून सर्वच जातींत अशी नावे ठेवीत, हे खरे. पण काहींना ती नवसाने मिळाली आणि काहींवर ती लादली गेली, हा भेद विसरू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे दोन आधारस्तंभ म्हटले आहेत, आणि प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धेला जागा न देणारी समज, असे ते सांगतात. पुढे प्रज्ञा, शील, करुणा हे शब्द घरोघर भिंतीवर आले आणि पाळण्यातही आले. 'बलुतं' (१९७८) लिहिणाऱ्या दया पवारांच्या कन्येचे नाव प्रज्ञा. त्या आज मराठीतील नामवंत कवयित्री आहेत. गीतेतील 'स्थितप्रज्ञ' शब्दामुळे ब्राह्मण घरांतही हे नाव ठेवीत आले आहेत, आणि ते दोन्हीकडे तितकेच शोभते. परंतु ज्या घरात आजी दगडी होती, तेथे नातीला प्रज्ञा म्हणण्यात मनूचे दोन नियम एकदम मोडतात. हे नाव जुगुप्सित नाही, आणि उच्चारावयास मुळीच सोपे नाही. अवघड आहे म्हणूनच ते घेतले असेल असे आम्ही म्हणत नाही. पण ते अवघड आहे म्हणून कोणी सोडलेही नाही.

मध्यंतरी आम्ही त्या बाईंकडे गेलो आणि हे सगळे, आज आपणांस सांगितले त्याहून थोडक्यात, त्यांना सांगितले. त्यांनी नाण्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगावयास लावली. मग त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण दहावीचा फॉर्म भरायचाय. इंग्रजीत स्पेलिंग कुठलं घालू? एका यादीत यंत्राने तिला 'प्रदन्या' करून ठेवलंय." आम्ही म्हटले, तुमच्या घरात जसे म्हणता तसेच घाला, 'डी' ने. मुलीने आतून फॉर्म आणून दाखविला. तिने ते आधीच लिहिले होते, शाईने.