लाँच बंद होते, सर्व्हरही बंद होतो

हेडफोन लावलेत ना? मग आज जरा मांडव्याच्या जेट्टीवर या माझ्यासोबत. मांडवा म्हटलं की बाहेरच्या लोकांना 'अग्निपथ'मधला विजय दीनानाथ चौहान आठवतो. मला आठवतं मिनी मिलिशिया.

कॉलेजात असताना मावशीकडे दादरला जायचं म्हणजे मांडव्याहून गेटवेची लाँच. साधारण तासाभराचा प्रवास. मधे समुद्रात रेंज कधी यायची, कधी गायब. पण आमचं काही अडायचं नाही. एकाने हॉटस्पॉट लावायचा, बाकीच्यांनी जोडून घ्यायचं, की गेम चालू. डेटा पॅक नको, काही नको. तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं, पण त्या एकाचा फोन म्हणजेच आमचा सर्व्हर होता. आजचा इतिहास हाच आहे: तो सर्व्हर आपल्या हातातून गेला कसा?

थोडं मागे जाऊ. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये आला तेव्हा तो 'हाफ-लाइफ' या गेमवर खेळाडूंनीच केलेला मॉड होता. त्याचं १.६ व्हर्जन २००३ चं. आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये तेच चालायचं. पाच-सहा पीसी लॅनने जोडलेले आणि त्यातलाच एक सर्व्हर. सर्व्हर चालवायचा प्रोग्रॅम कंपनीनेच लोकांना दिला होता. म्हणून आजही कुणीतरी कुठेतरी १.६ चा सर्व्हर चालवतंय. कंपनीचं लक्ष असो वा नसो, गेम जिवंत आहे.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. लोणेऱ्याच्या हॉस्टेलवर तेव्हा रात्री अकरानंतर एकच विषय असायचा: चौथा कोण? पण इथे एक गोष्ट गुपचूप बदलली होती. शंभर जण एका नकाशावर उतरतात, तेव्हा गोळी लागली की नाही हे तुमचा फोन ठरवत नाही. फोन फक्त सांगतो, 'मी बटण दाबलं.' निकाल लावतो कंपनीचा सर्व्हर. तुमची रँक, तुमचे कपडे, बंदुकीवरचा रंग, सगळं तिथेच.

इंजिनिअर म्हणून सांगतो, यात लबाडी नाही. फोनवर विश्वास ठेवला तर हॅकर दोन दिवसांत गेमचा कचरा करतील. पण याचा अर्थ असा, की गेम तुमच्या फोनमध्ये कधी नव्हताच. होती ती फक्त खिडकी.

ती खिडकी बंद होते म्हणजे काय, हे आपल्याला २०२० मध्ये कळलं. ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. लाइट आली, रेंज आली, तोवर २ सप्टेंबर उजाडला आणि सरकारने आयटी कायद्याच्या ६९अ कलमाखाली ११८ ॲप्सवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल. ३० ऑक्टोबरला भारतासाठी सर्व्हरही बंद झाले. गेम कोरियन कंपनीचा, पण इथे चालवत होती चिनी टेन्सेंट. आक्षेप डेटा आणि सुरक्षेचा होता.

पुढे क्राफ्टनने २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आणला. जुन्या खात्यातला माल नव्या गेममध्ये न्यायची सोय दिली, तीही मुदत घालून. वर्ष उलटलं आणि २८ जुलै २०२२ ला तोही स्टोअरमधून गायब! परत आला मे २०२३ मध्ये, आधी तीन महिन्यांच्या परीक्षेवर. मधल्या काळात, १४ फेब्रुवारी २०२२ ला, फ्री फायरवर बंदी आली. पण त्याचाच भाऊ फ्री फायर मॅक्स मात्र चालू राहिला. आता यातलं लॉजिक शाळकरी पोराला कसं समजावणार?

माझा एक मित्र म्हणतो, 'अरे, फुकटचा गेम होता, रडतोस कशाला?' पहिली गोष्ट, गेम फुकट असला तरी यूसी फुकट नव्हते. दुसरी, तोवर खेळणं, कॉमेंट्री करणं, स्ट्रीम करणं यावर कितीतरी पोरांची कमाई सुरू झाली होती. ती एका दिवसात लटकली. डेटाची काळजी खरी आहे, ती मला मान्य. पण निर्णय सरकार आणि कंपनी यांच्यात होतो, आणि खेळणाऱ्याला कळतं ते स्टोअरमध्ये गेम दिसेनासा झाल्यावर.

आणि हे फक्त सरकारचं काम नाही बरं का. युबिसॉफ्टने 'द क्रू' या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम, पण एकट्याने खेळणंही संपलं. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या अर्जावर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच.

आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता. चांगलं पाऊल. पुण्याच्या सुपरगेमिंगने इंडस नावाचा आपला बॅटल रॉयल काढला, त्याचाही आनंद आहे. पण गेम देशी असला म्हणून सर्व्हरचं बटण आपल्या हातात येत नाही. आपण हट्ट धरायला हवा तो दोन गोष्टींसाठी: बंद करण्याआधी ठरलेली मुदत, आणि जिथे शक्य तिथे हॉटस्पॉटवर किंवा स्वतःच्या सर्व्हरवर खेळायची सोय.

पावसाळ्यात मांडव्याची लाँचही बंद होते. त्यावर कुणी चिडत नाही. का? कारण ती कधी बंद होणार हे आधी ठाऊक असतं, आणि तोवर अलिबागहून एसटी असते. बंद होण्याला आमची ना नाहीच. पण भावांनो, जेट्टीवर आल्यावर कळू नये की बोट गेली.

भेटू पुढच्या भागात. तोवर कुणाच्या फोनमध्ये मिनी मिलिशिया असेल, तर काढू नका!