गोधडीचे थर

मागच्या वेळी आपण दप्तरखान्यातल्या कागदांविषयी बोललो. आज गोधडी. हसू नका, तेही दप्तरच आहे, फक्त उसवून वाचायचं.

आमच्या घरची एक गोधडी उसवली तेव्हा वर आईचं गिरणीचं पातळ निघालं, मधे मावशीचं, आणि तळाशी आजीचं हातमागाचं इरकली लुगडं. 1856 साली ताडदेवला पहिली सूतगिरणी सुरू झाली, तरी हातमाग लगेच संपला नाही, हे आम्ही पुस्तकातून सांगत होतो. पुरावा अंगाखाली होता!

पावसाळ्याआधी ओसरीवर लुगडी अंथरायची. सासू, सुना, नणंदा, माहेरी आलेल्या लेकी चारी कडांना बसायच्या. धावदोरा कडेने आत आत सरकायचा, तशा बायकाही एकमेकींच्या जवळ यायच्या. कुणाचा टाका लांब, कुणाचा बारीक. आई टाक्यावरून हात ओळखायची. आम्ही तत्त्वज्ञानात पीएच.डी. केली, ही लिपी काही शिकलो नाही. त्या गोधडीतला बारीक टाका कुणाचा, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही.

मग नायलॉनची साडी आली. ती घसरते, घाम टिपत नाही. आणि दारात बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर स्टीलचं भांडं मिळू लागलं. यात बायकांचा दोष काढणं आम्हाला पटत नाही, पातेलं रोज लागतं. गोधडीसाठी बाजूला ठेवलेली आजीची उरलेली दोन लुगडी अशीच एका डब्यावर गेली. तेव्हा आम्ही घरातच होतो, इतिहासाच्या तत्त्वज्ञानाचे पेपर तपासत.