बीड जिल्ह्यातील विद्यार्थी-बसवाहतूक आणि शासकीय निधी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

ग्रामीण शिक्षणप्रसाराच्या इतिहासात शाळा, शिक्षक व शिष्यवृत्ती यांची नोंद होते. शाळेपर्यंत नेणाऱ्या वाहनाची क्वचितच. बीड जिल्ह्याच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. बालाघाटच्या रांगांतील वाड्या-तांड्यांपासून माध्यमिक शाळा बहुधा दूर असते. परळीचा अपवाद वगळता रेल्वेचा उपयोग जिल्ह्यास फारसा नव्हता. खुद्द बीड शहरात प्रवासी रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्यामुळे विद्यार्थ्यांची भिस्त एस.टी.वरच राहिली.

हैदराबाद संस्थानात सरकारी बससेवा १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्यामार्फत २७ गाड्यांनिशी सुरू झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यातील कलम २३ नुसार अशा महामंडळास केंद्र व राज्य शासन भांडवल पुरवू शकते. विद्यार्थी-सवलतींचा पैसा मात्र निराळ्या वाटेने येतो. मासिक पासावरील ६६.६७ टक्के सवलत असो वा अहिल्यादेवी होळकर योजनेतील मुलींचा मोफत पास, त्यांची रक्कम शासन महामंडळास प्रतिपूर्ती म्हणून देते. प्रतिपूर्ती ही झालेल्या प्रवासाची भरपाई होय. तिच्यातून नवी गाडी उभी राहत नाही. पास हाती आहे, पण शाळेच्या वेळेला गाडी नाही, ही विसंगती याच रचनेतून उद्भवते.

मानव विकास कार्यक्रमाचे महत्त्व येथे आहे. २००६ मध्ये आरंभ झालेला हा कार्यक्रम २०११ मध्ये २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांपर्यंत विस्तारला व त्यात बीडचाही समावेश झाला. प्रत्येक तालुक्यास प्रथम ५ व नंतर ७ बसगाड्या, त्याही मुलींच्या शाळेसाठी, देण्याची तरतूद झाली. भाड्याऐवजी वाहनावरच खर्च करण्याचे हे धोरण बीडसाठी फार मोलाचे होते. २०११ च्या जनगणनेत येथे शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वीच झालेले होते. ऊसतोडीसाठी आईवडील सहा-सहा महिने बाहेर असताना दूरच्या शाळेची वाट असुरक्षित वाटली की मुलीची शाळा सुटते, आणि मग लग्नास विलंब लागत नाही. निळी बस हा या साखळीतील एक अडसर होता. (२०२१-२२ च्या संपकाळात एस.टी. थांबली तेव्हा हा अडसरही दूर झाला होता.)

वाहन मात्र इमारतीसारखे टिकत नाही. पंधरा वर्षांवरील शासकीय व परिवहन महामंडळांच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द ठरते. त्या हिशेबाने २०११-१२ मध्ये घेतलेल्या गाड्यांची मुदत २०२६-२७ मध्ये संपते. त्यांच्या जागी येणाऱ्या गाड्यांचा खर्च मानव विकासाच्या निधीतून करावयाचा की महामंडळाच्या भांडवलातून, यावर त्या गाड्या केवळ मुलींसाठी राहतील की आगाराच्या सर्वसाधारण ताफ्यात मिसळतील, हे अवलंबून आहे.