वेस्टास : सरळ धाग्याची वाटचाल

डेन्मार्कच्या पश्चिमेकडील लेम या गावात १८९८ साली एका तरुण लोहाराने दुकान थाटले. त्याचा मुलगा पेडर हान्सेन याने १९४५ मध्ये काढलेली कंपनी म्हणजे आजची वेस्टास. सुरुवात स्वयंपाकघरातल्या मिक्सरपासून झाली. मग शेतीच्या गाड्या, हायड्रॉलिक क्रेन. तेलाचे भाव भडकल्यावर कंपनी वाऱ्याकडे वळली आणि १९७९ मध्ये तिची पहिली पवनचक्की विकली गेली.

लगेच ठेच लागली. वादळात पाती तुटून उडाली, आणि ती बाहेरून विकत घेतलेली होती. कंपनीने उत्पादन थांबवले व काचतंतूची पाती स्वतःच घडवायचे ठरवले. या संस्थेचा खरा जन्म मी तिथे धरतो. १९८६ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, पण तो त्यामानाने हिशेबाचा भाग. कॅलिफोर्नियातल्या पवनचक्क्यांवरच्या करसवलती संपल्या, बाजार आटला. १९८७ मध्ये बाकीचे धंदे सोडून केवळ पवनचक्क्यांसाठी नवी कंपनी उभी राहिली.

पुढचा पेच लांबीचा. पाते दुप्पट लांब केले की चौपट वारा कवेत येतो, पण वजन आठपटीच्या घरात जाते. शिवाय ते वाकून खांबावर आपटायची धास्ती. कार्बन फायबर काचतंतूच्या साधारण तिप्पट ताठ, पण महाग. म्हणून ताण पेलणारा कणाच तेवढा कार्बनचा करतात. वेस्टासच्या व्ही-९० यंत्राचे ४४ मीटरचे पाते असेच, आधीच्या ३९ मीटरच्या पात्याच्या जवळपास त्याच वजनात बसले.

कार्बनची एक खोड आहे. धागा जरा लहरला, तरी दाबाखाली त्याची ताकद ढासळते. आणि भल्यामोठ्या साच्यात कापडाचे थर अंथरताना सुरकुती पडायची ती पडतेच. म्हणून वेस्टासने धागे राळेत भिजवून तापलेल्या साच्यातून ओढून काढले. ओढ कायम असल्याने ते सरळ राहूनच घट्ट होतात. बाहेर येते लांबलचक चपटी पट्टी: वेटोळे करून आणा, कापा, एकावर एक रचा. अशा पट्ट्यांचा कणा रचण्याच्या पद्धतीवर पेटंट होते. त्यामुळे बरेच स्पर्धक काचेवरच अडून राहिले.

२०२२ मध्ये त्या पेटंटची मुदत संपली. त्याच वर्षाअखेरीस डेन्मार्कमधल्या ओस्टरिल्डच्या चाचणीकेंद्रात वेस्टासचे १५ मेगावॉटचे यंत्र उभे राहिले, एकेक पाते ११५.५ मीटरचे. पट्ट्या मात्र आता कुणीही रचू शकतो.