इंकजेट कार्ट्रिज : शाईच्या डबीतील सूक्ष्म यंत्र

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावरील कार्यालये असोत वा गावातील सेवा केंद्र, इंकजेट प्रिंटरचे रिकामे कार्ट्रिज बहुधा कचराकुंडीत जाते. प्रत्यक्षात अनेक कार्ट्रिजांमध्ये प्रिंटहेडही असते. त्यातील सूक्ष्म तापक शाईत बुडबुडा निर्माण करतो व त्याच्या दाबाने थेंब छिद्रातून कागदावर पडतो. हे तत्त्व १९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीत गवसले. ह्यूलेट-पॅकार्डच्या १९८४ मधील ‘थिंकजेट’मध्ये शाईबरोबर प्रिंटहेडही बदलले जाई. पायझो पद्धतीत विजेने आकार बदलणारा घटक थेंब ढकलतो. तेथे प्रिंटहेड सहसा प्रिंटरमध्येच कायम राहते. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरसह कार्ट्रिजचाही समावेश आहे. त्यामुळे मोठ्या (बल्क) ग्राहकांनी ते नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनर्चक्रणकर्त्याकडेच सोपवणे आवश्यक ठरते.